ह्यांच्या नाकातला तांबडा दिवा

९ ऑक्टोबर २००५, रविवार. केंदूर.

आजपासून रोजनिशी. निमित्त ह्यांचं नाक.

काल पुण्याहून परत आलो. अनंत चतुर्दशी झाल्यावर ऑपरेशन झालं. दोन्ही नाकपुड्यांत वाढलेलं मांस काढलं. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. ट्रेमध्ये ठेवून दाखवलं, सोललेल्या द्राक्षांसारखं दिसत होतं. मी यापुढे द्राक्षं खाणार नाही.

डॉक्टर म्हणाले, काढणं सोपं असतं, परत येऊ न देणं अवघड. मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुवायचं, स्प्रे मारायचा, आणि एक नवीन गोष्ट, नाकाला आतून तांबडा प्रकाश द्यायचा. आमच्या मुलानं, सत्यजीतनं, पुण्यात शोधून ते मशीन आणलं. साबणाच्या वडीएवढी डबी, तिला दोन वायरी, वायरींच्या टोकाला शेंगदाण्याएवढे दिवे. एकेक दिवा एकेका नाकपुडीत. सकाळ-संध्याकाळ. डॉक्टरांनी हेही सांगितलं की उपाय नवा आहे, हमखास म्हणत नाही, पण करायचा तर नेमानं करा.

नेम म्हटल्यावर सत्यजीतनं माझ्याकडे पाहिलं. साहजिक आहे. दौंडच्या कॉन्व्हेंटमध्ये मी क्लास मॉनिटर होते. सिस्टर बर्नडेट माझं नाव घेऊन बाकीच्या मुलींना रागवायच्या. मी सत्यजीतला म्हटलं, तू निर्धास्त राहा.

हे आयुष्यभर गावच्या दूध डेअरीवर होते. किटलीचं झाकण उचलायचं, वास घ्यायचा आणि "घाल" किंवा "ने परत" एवढंच बोलायचं. फॅटचं मशीन पुढे आलं, पण आंबूस दूध आधी ह्यांच्या नाकाला कळायचं. मग नाक हळूहळू बंद झालं, वास गेला, आणि हे कुणाला कारण न सांगता घरी बसले. ते नाक आता परत आलं पाहिजे आणि राहिलं पाहिजे. जबाबदारी माझी.

१२ ऑक्टोबर, दसरा.

वास आला!

मी झेंडूचं तोरण ओवत होते. ह्यांनी मागून येऊन एक फूल उचललं, नाकाशी धरलं आणि तसेच उभे राहिले. म्हणाले, "अगं, कडवट वास येतोय." डोळ्यांत पाणी. मग घरभर हिंडले. माझ्या पावडरच्या डब्याचा वास घेतला, गोठ्यात जाऊन म्हशीचा घेतला. दोन्हींना "व्हय, तीच ही" म्हणाले. मी मनावर घेतलं नाही.

सकाळी प्रकाश दिला. संध्याकाळी लोडशेडिंग होतं, पण मशीन चार्ज केलेलं असलं की चालतं. अंधारात हे पायरीवर बसलेले आणि नाक आतून आकाशकंदिलासारखं उजळलेलं. शेजारची धुरपदा काडेपेटी मागायला आली ती दारातच थबकली. म्हणाली, "आगं बया! दादांच्या नाकात इंगळ पडलं का काय?" हसू आवरेना तिला. हे लाजले. ह्यांना लाजताना मी लग्नात पाहिलं होतं, त्यानंतर आजच.

१९ ऑक्टोबर.

सोसायटीचे चेअरमन आण्णा स्वतः घरी आले. म्हणाले, "हौसराव, तुमच्याबिगर डेअरीवर सगळा आंधळा कारभार चाललाय. आता तर कूलरची टाकी आली, अख्ख्या गावाचं दूध एकात. एक किटली खराब गेली म्हंजी सगळं गेलं. तुम्ही या." हे दोन मिनिटं उगाच आढेवेढे घेत बसले आणि मग चप्पल घालूनच उठले.

मला इतका आनंद झाला की रात्रीच्या जेवणाला साजूक तूप नेहमीपेक्षा सढळ वाढलं. ह्यांनी घास तोंडापर्यंत नेला आणि थांबले. विचारलं, "साय किती दिवसांची हाय?" मी म्हटलं, नेहमीसारखीच. म्हणाले, "हे तूप डेअरीवर आलं असतं तर किटली परत धाडली असती."

मला अजिबात वाईट वाटलं नाही. वाईट वाटण्यासारखं काय आहे? इतकी वर्षं हेच तूप "वा" म्हणून खाल्लं. माझी आई दौंडला रेल्वे क्वार्टरमध्ये अशीच साय साठवायची. तूप कढलं की गार्डसाहेब बाबा डबा घेऊन लाइनवर जायचे आणि लोक विचारायचे, आज काय आहे. काय विचारायचे ते आता नक्की आठवत नाही.

संध्याकाळचा प्रकाश जेवणानंतर द्यायचा होता, तो राहिला. मशीन चार्ज नव्हतं. म्हणजे होतं, पण अर्धवट असेल असं मला वाटलं.

२३ ऑक्टोबर.

वादाचा विषय संपला आहे. मी मोठ्या मनानं ठरवलं की साय चार दिवसांच्या वर ठेवायची नाही.

या आठवड्यात ह्यांना आलेले वास: माझ्या उशीच्या अभ्र्याचा, फडक्याच्या बादलीचा, कालच्या आमटीचा ("परवाची हाय ही," म्हणाले, आणि दुर्दैवानं होती), फ्रिजचा, माझ्या गुडघ्याच्या तेलाचा, आणि कस्टर्डचा. कस्टर्ड मी दौंडला शेजारच्या मिसेस डिक्रूझकडून शिकले. तळाला किंचित लागलं की खरी चव येते. हे म्हणाले, "करपलंय. आन् अंडं कच्चं हाय." एकाच वेळी करपलेलं आणि कच्चं कसं असेल? मी विचारलं. म्हणाले, "तेच तर."

आज सकाळी घाई होती. संध्याकाळी हे पायरीवर नाक वर करून बसले होते, वाट बघत. मला शेजारी जायचं होतं. परत आले तेव्हा उठून गेले होते.

उद्यापासून नक्की.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन.

करंज्यांच्या सारणातलं खोबरं खवट आहे असं कळलं. कुणाकडून ते लिहायला नको.

प्रकाशाला तीन-चार दिवस खाडा. पण घरभर एवढ्या पणत्या असताना आणखी एक नाकात कशाला, सणासुदीला बरं दिसत नाही. स्प्रेही संपत आलाय. शिरूरला जाणारं कुणी असलं तर सांगायचं.

५ नोव्हेंबर.

भाऊबीज झाली. साळूबाई वन्सं आज कासुर्डीला परत गेल्या. ह्यांची एकच बहीण. औक्षण केलं, साडी दिली, निघताना त्यांचं लक्ष मशीनकडे गेलं. म्हणाल्या, "वहिनी, हे काय?" मी सांगितलं. म्हणाल्या, "शेकायचंच हाय म्हंजी. माझं गुडघं लई धरल्यात बघा. चार रोज देता का?"

आता भाऊबिजेला माहेरी आलेल्या बहिणीला नाही म्हणतात का? आमच्याकडे तरी म्हणत नाहीत. तिची नजर ज्यावर पडली ते तिच्या पिशवीत घालायचं, ही सासूबाईंची शिकवण. आणि मी सासूबाईंचं कधी मोडलं नाही. म्हणजे हयातीत पुष्कळ मोडलं, म्हणूनच आता मोडवत नाही.

हे डेअरीवरून आले. मी सांगितलं. ह्यांनी मशीन असायचं त्या कोनाड्याकडे पाहिलं.

चार दिवसांचाच तर प्रश्न आहे.

१४ नोव्हेंबर.

सत्यजीतचा फोन. "आई, मशीन चालू आहे ना रोज?" मी म्हटलं, हो, चालू आहे. हे खोटं नाही. कासुर्डीला चालू असणारच.

फोन ठेवल्यावर शाळा आठवली. तिथे दर शुक्रवारी कॅथलिक मुली चॅपलमध्ये कन्फेशनला, आपली पापं कबूल करायला, जायच्या. आत जाताना तोंडं एवढीशी, बाहेर येताना उड्या मारत. चॅपलच्या फरशीला मेणाचं पॉलिश असायचं, त्याचा वास अजून नाकात आहे. आम्ही हिंदू मुली व्हरांड्यात थांबायचो. आम्हाला ती सोय नव्हती. आपलं आपल्याकडेच साठवायचं, सायीसारखं.

पण मी नुसती हळहळत बसणारी बाई नाही. विचार केला. मशीनमध्ये आहे काय? तांबडा प्रकाश. आपल्या देवघरात काय आहे? झिरोचा तांबडा बल्ब. प्रकाश तो प्रकाश. पुण्यातला काय आणि देवापुढचा काय.

उलट देवापुढचा जास्त चांगला.

२२ नोव्हेंबर.

उपचार व्यवस्थित सुरू आहेत. हे संध्याकाळी देवघरासमोर पाटावर बसतात आणि बल्बला नाक लावतात. पहिल्या दिवशी कुरकुरले, "देवाम्होरं नाक घासायची पाळी आणली तू माझ्यावर." पण बसले. माझा शब्द मोडत नाहीत.

गावात वेगळाच बोभाटा. कुणीतरी खिडकीतून पाहिलं. हौसराव देवभोळे झाले म्हणतात. काल आण्णा विचारायला आले की सप्त्याच्या कमिटीत नाव घालू का. धुरपदा म्हणाली, "दादा, देवाचा वास घेताय का देवाला नाक दावताय?" हे म्हणाले, "दोन्ही. तुझ्यासाठी बी मागतोय."

नाकाच्या शेंड्याला बल्बचा जरासा चटका बसलाय. म्हणजे प्रकाश लागू पडतोय.

स्प्रे मिळाला नाही. शिरूरला कुणीतरी गेलं होतं, पण मी सांगायला विसरले. नाक धुणं थंडीमुळे बंद. थंडीत पाणी बाधतं.

१४ जानेवारी २००६, संक्रांत.

किती दिवसांनी लिहितेय. लिहिण्यासारखी तक्रारच उरली नाही.

गूळपोळीवर तूप वाढलं. हे म्हणाले, "काय वास सुटलाय तुपाचा! झकास." मी ऐकतच राहिले. पुन्हा वाढलं. पुन्हा झकास. सांगायचं म्हणजे या वेळची साय जरा जुनी होती, सणाच्या गडबडीत चार दिवसांचं गणित सांभाळता आलं नाही. तरी झकास. याचा अर्थ एवढाच की माझ्या हाताला आता वळण पडलंय. सुधारणा एकदा अंगी मुरली की नियमांची गरज राहत नाही.

कस्टर्डही आवडलं. तळाला लागलेलंसुद्धा.

महिनाभरात एकदाही कशाला नाव ठेवलं नाही. बल्बसमोर बसणंही आपोआप सुटलं. गरजच काय?

११ फेब्रुवारी.

कणगीमागे उंदीर मेला होता. दोन दिवस घरात उभं राहवेना. मी पदर नाकाला लावून फिरत होते आणि हे त्या कणगीला टेकून शांतपणे पेपर वाचत होते. वय वाढलं की माणसाला वैराग्य येतं ते असं. पूर्वी केवढा आरडाओरडा केला असता.

घोरणंही परत सुरू झालंय. ऑपरेशननंतर बंद झालं होतं तेव्हा मला झोप लागेना. आता कसं जुन्या दिवसांसारखं वाटतं. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं होतं, बाबांच्या यार्डात इंजिन उभं आहे. माहेरच्या आठवणीनं रडले होते आणि ह्यांना वाटलं, घोरण्यानं रडले. रात्रभर बिचारे जागे राहिले.

सत्यजीतचा फोन. तपासणीला पुण्याला या म्हणतो. मी म्हटलं, नाक ठणठणीत आहे, उन्हाळ्यात बघू.

३० मार्च, गुढीपाडवा.

परवा दौंडला गेले होते. शाळेच्या जुन्या मुलींचा मेळावा. मुली म्हणजे कवळ्या लावलेल्या. चॅपल तसंच आहे. मी एकटीच आत गेले आणि मेणाच्या पॉलिशचा तोच वास आला. एकदम दहा वर्षांची झाले. सिस्टर बर्नडेट कुठेतरी मागे उभ्या आहेत असं वाटलं आणि मी पदर सारखा केला. आपल्याला एका वासासरशी अख्खं बालपण परत मिळतं. आणि ह्यांना ते मिळालेलं, आपण सांभाळलं का?

सांभाळलं, अर्थातच. तूप झकास लागतं त्यांना. तरीही.

येताना एसटीतून कासुर्डीला उतरले. मशीन मागायचंच असं ठरवून. वन्सं म्हणाल्या, "अगं बया, ते व्हय? गुडघ्याला काय गुण न्हाई आला. पण नातू अंधाराला भितो, त्याच्या उशाला लावते." मशीन हातात घेतलं. एक दिवा बंद. दुसऱ्याच्या वायरीवर दातांच्या खुणा. वन्सं म्हणाल्या, "एक तर लागतोय की."

बरोबर आहे. निदान एका नाकपुडीला तरी.

८ एप्रिल.

मशीन गरम पाण्यानं पुसून, स्पिरिट लावून ठेवलंय. ह्यांना बोलावलं. म्हणाले, "आता उगं कशाला? ऱ्हाऊ दे. समदं बरं हाय." मी आग्रह केला. म्हणाले, "तू दमतीस." दर वेळी माझीच काळजी.

मी विचारलं, वास येतो ना नीट? म्हणाले, "न येऊन सांगतो कुणाला? तुझा मोगराच बघ की, अंगणात काय घमघमतोय." मोगरा मी काल संध्याकाळीच खुडून देवाला वाहिला. एक कळी नाही झाडावर. कालच्या फुलांचा वाससुद्धा अजून येतो, म्हणजे काय तयारीचं नाक!

सत्यजीतला हे फोनवर सांगितलं. त्यानं तीनदा विचारलं, कालची फुलं? लाइन खराब असावी.

२६ एप्रिल.

उकाडा असह्य. दिवसभर लाइट नाही. फ्रिज म्हणजे नुसतं कपाट झालंय.

म्हशीचं काल संध्याकाळचं दूध घरात ठेवलं होतं, पाहुणे येणार होते म्हणून. आले नाहीत. सकाळी किटली भरताना ते सकाळच्या दुधात ओतलं. ओतण्याआधी वास घेतला. जरा वाटला. वाटला न वाटला असा. फेकून द्यायचं जिवावर आलं. आणि म्हटलं, आपण कशाला शंका काढा? तिथे ह्यांचं नाक आहे. चालणार नसेल तर झाकण उचलल्याबरोबर "ने परत" म्हणतील, घरची किटली असली म्हणून काय झालं.

भरली किटली काही परत आली नाही. म्हणजे दूध चांगलंच होतं. मी उगाच शंकेखोर.

२७ एप्रिल.



काल दुपारी टँकर आला. ड्रायव्हरनं टाकीतलं दूध तापवून पाहिलं. फुटलं. त्यानं टँकर न भरताच वळवला. अख्ख्या गावाचं दूध ओढ्यात सोडावं लागलं. कोरडा ओढा पांढरा होऊन वाहत होता, आणि दोन्ही काठांना कुत्री. मी पाहायला गेले नाही. धुरपदानं सांगितलं.

ती दारात उभी राहून ओरडत होती. मला नाही, ह्यांना. "दादा, माझी एकच गाय हाय. पहाटं उठून धार काढली, किटली घासून आणली. ती कुणाच्या आंबटात घातली तुम्ही? झाकाण उचलून वास घेत होता न्हवं? 'घाल, घाल' म्हणत होता समद्यांना!" हे खाली बघून बसले होते. म्हणाले, "चुकलं धुरपदा. माझंच चुकलं."

मी मध्ये पडले. म्हटलं, ह्यांचं नाक कधी चुकत नाही. कुणीतरी मागून ओतलं असणार. लाइट नव्हती, कूलर बंद होता, त्यानं झालं असणार. मी बोलत राहिले. धुरपदा माझ्याकडे बघत होती. मग पदर खोचून निघून गेली.

आण्णा आले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. हे आत गेले, डेअरीच्या किल्ल्या आणून त्यांच्या हातात ठेवल्या.

मला विचारायचं होतं, आपली किटली आली तेव्हा झाकण उचललं होतंत ना? विचारलं नाही. ते दमले होते.

४ मे.

पुण्याला जाऊन आलो. सत्यजीतनं अपॉइंटमेंट आधीच घेऊन ठेवली होती.

डॉक्टरांनी नळी आत घालून पाहिलं. म्हणाले, दोन्हीकडे पुन्हा भरलंय, पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. मी म्हटलं, शक्य नाही, ह्यांना मोगऱ्याचा वास येतो. डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, वास कधीपासून गेला? हे म्हणाले, "संक्रांतीच्या आधीच गेला, साहेब."

मी मनात मागे मोजत गेले. गूळपोळी. तूप. कस्टर्ड. उंदीर.

डॉक्टरांनी मशीनबद्दल विचारलं. मी तोंड उघडलं. हे म्हणाले, "रोज देत होती हो. एक दिस खाडा न्हाई." सत्यजीत भिंतीकडे बघत होता. डॉक्टर म्हणाले, प्रकाश देऊनही काही जणांचं परत येतं, खात्रीनं काही सांगता येत नाही.

हे वाक्य मी इथे नीट लिहून ठेवते. प्रकाश देऊनही काही जणांचं परत येतं.

एसटीनं परत निघालो, शिक्रापूर आलं. ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली. मग विचारलं, मला सांगितलं का नाहीत? म्हणाले, "सांगितलं असतं तर तू म्हणली असतीस, माझ्यामुळंच झालं. रडली असतीस. आन् खरं सांगू? वास येत हुता तवा घरात रोज कुरबूर. गेला, तर तू हसाया लागलीस. म्हणलं, गेला तर गेला."

आणि डेअरीवर? म्हणाले, "माणसं बघून घ्यायचो दूध. चाळीस वर्षं बघतोय. कोण किटली घासतं, कोण न्हाई, तोंडावरनं कळतं. चुकलं न्हाई कवा." मग म्हणाले, "आपल्या किटलीचं तर झाकाण बी उचललं न्हाई मी."

बाहेर बघत पुढे म्हणाले, "किटली घरी आणली तवा तळाला गुठळ्या हुत्या. हौदावर घासून ठिवली. तू नको इचार करू."

ती किटली सकाळी लखलखीत पालथी घातलेली मी पाहिली होती. मला वाटलं होतं, मीच घासली असेन.

६ मे.

आज धुरपदाकडे जाऊन सगळं सांगायचं. ठरलं.

उन्हामुळे जमलं नाही.

७ मे.

रविवार. कुणाच्या घरी असं रविवारी जाणं बरं नाही.

९ मे.

गेले. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून वाटीभर तूप नेलं. आजच कढवलेलं.

धुरपदानं चहा ठेवला. मी मिसेस डिक्रूझच्या गोष्टी सांगत बसले, दौंडच्या यार्डातल्या धुराच्या, चॅपलच्या. मूळ गोष्टीपाशी काही केल्या येईना. धुरपदानं वाटीवरचं झाकण उचललं, नाक जवळ नेलं आणि मागे घेतलं. म्हणाली, "बाई, साय किती दिसांची हाय ही?"

मग माझ्या तोंडून आलं. ती किटली आमची होती, म्हटलं. शिळं दूध मीच ओतलं होतं. वास आला होता मला.

तिनं वाटीवर झाकण ठेवलं. म्हणाली, "ठाव हाय. तुमच्या पाठोपाठ माझी किटली हुती. तुमची ओतली तवाच वास आला मला. वाटलं, दादा आता परत करत्याल. दादा म्हणालं, घाल." मी विचारलं, मग तू तेव्हाच का बोलली नाहीस? म्हणाली, "दादांच्या नाकाम्होरं आमी काय बोलायचं? त्या दिशी संध्याकाळी गावात समद्यांस्नी कळलं. पण दादांनी आपल्यावर घेतलं, म्हणलं, घेऊ द्या. त्यांचा संसार."

चहा प्यायले. साखर जास्त होती. चांगला झालाय म्हणाले.

धुरपदानं तूप ठेवून घेतलं. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, देवाच्या दिव्याला हुईल."

घरी आले तर लाइट गेलेली. हे देवघरासमोर पाटावर बसले होते, डोळे मिटून, विझलेल्या बल्बला नाक लावून. मी काही सांगितलं नव्हतं, आपणहून. दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी जेवढं होईल तेवढं, असं वाटलं असेल त्यांना. किंवा मला बरं वाटावं म्हणून.

माझी चाहूल लागली. डोळे न उघडता म्हणाले, "लाइट आली की सांग गं."

मी हो म्हटलं, आणि पाट ओढून शेजारी बसले. बसल्या बसल्या माझेही डोळे मिटले.